नेसिअन्स आणि नेणीव

इंग्रजी शब्दकोशात 'नेसिअन्स' नावाचा एक दुर्मीळ शब्द आहे. अर्थ साधा आहे: न जाणण्याची अवस्था, एखाद्या गोष्टीची मुळीच जाण नसणे. रोजच्या बोलण्यात तो येत नाही, वर्तमानपत्रात क्वचितच दिसतो, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा पुष्कळांच्याही तो कानावरून गेलेला नसतो. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान आणि वेदान्ताची इंग्रजी भाषांतरे एवढ्यातच त्याचा वावर.

मराठीत मात्र याच घडणीचा एक शब्द आठशे वर्षे सुखाने नांदतो आहे. तो शब्द म्हणजे 'नेणीव'. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले नांदूरघाट घ्या किंवा बालाघाटाच्या रांगांमधले दुसरे कोणतेही गाव घ्या. जिथे संध्याकाळी मंदिरात हरिपाठ होतो, तिथे 'जाणीव' आणि 'नेणीव' ही जोडी टाळांच्या ठेक्यावर म्हटली जाते. ज्ञानदेवांच्या हरिपाठात शेवटाकडच्या एका अभंगात ती आली आहे. देवाच्या लेखी जाणता आणि नेणता हा भेद उरत नाही, असा तिथला भाव आहे. निरक्षर आजीलाही तो अभंग पाठ असतो. लंडनमधला शिकला-सवरलेला माणूस ज्या कल्पनेसाठी कोश उघडेल, ती कल्पना आपल्याकडे पाठांतरात आहे. हे दोन शब्द कुठून आले, त्यांचे नाते काय आणि बीडच्या भूमीशी या विषयाचा संबंध किती जुना आहे, हे पाहण्यासारखे आहे.

शब्दाची घडण

नेसिअन्स हा शब्द इंग्रजीत लिहून पाहिला तर त्यातले गुपित लगेच उघड होते. 'सायन्स' या ओळखीच्या शब्दाआधी एन आणि ई ही दोन अक्षरे लावली की तो तयार होतो. सायन्सचे मूळ लॅटिन 'स्किरे' या क्रियापदात आहे. स्किरे म्हणजे जाणणे. 'ने' हा लॅटिनमधला जुना नकार. दोन्ही मिळून 'नेस्किरे', म्हणजे न जाणणे. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'नेस्किएंतिया' हे भाववाचक नाम झाले आणि सतराव्या शतकाच्या आरंभी ते नेसिअन्स या रूपाने इंग्रजीत आले.

स्किरेचा परिवार मोठा आहे. सदसद्विवेकबुद्धी या अर्थाचा 'कॉन्शन्स', शुद्धीवर असणे या अर्थाचा 'कॉन्शस', सर्वज्ञता या अर्थाचा 'ऑम्निसिअन्स', भविष्याची चाहूल या अर्थाचा 'प्रेसिअन्स' ही सगळी याच घरातली. सार्वमताला इंग्रजीत 'प्लेबिसाइट' म्हणतात. त्याच्या उत्तरार्धातही हेच जाणणे आहे.

आणखी एक पायरी मागे गेले की गोष्ट थेट संस्कृतपर्यंत पोहोचते. स्किरे या क्रियापदाचा मूळ अर्थ बहुधा कापणे, वेगळे करणे असा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. एक वस्तू दुसरीपासून निराळी करता आली की ती कळली, हा त्यामागचा विचार. ज्या आदिम धातूपासून हे लॅटिन क्रियापद आले असे मानतात, त्याच कुळात संस्कृतचा 'छिद्' धातू येतो. आपले छेद, विच्छेद, छिन्न हे शब्द त्याचे. आपल्याकडे ज्ञानाच्या मुळाशी असलेल्या शक्तीला 'विवेक' म्हणतात, आणि विवेक शब्दातल्या 'विच्' धातूचा अर्थही निवडून वेगळे करणे असाच आहे. रोममध्ये आणि भारतात, एकमेकांना न विचारता, माणसांनी जाणण्याची क्रिया एकाच रीतीने पाहिली: सुपात धान्य पाखडून खडे बाजूला काढावेत तशी.

'नाइस'चा जन्म

नेसिअन्स दुर्मीळ असला तरी त्याचे एक सख्खे भावंड जगभर पसरले आहे, आणि ते नांदूरघाटच्या शाळेतल्या पोरांच्याही तोंडी असते. तो शब्द म्हणजे 'नाइस'.

लॅटिनमध्ये न जाणणाऱ्याला 'नेस्कियुस' म्हणत. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'नीस' झाले आणि अर्थ झाला भोळा, वेंधळा, मूर्ख. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला तेव्हा एखाद्याला नाइस म्हणणे ही शिवी होती. पुढच्या शतकांत अर्थ सरकत गेला. मूर्ख, मग बुजरा, मग चोखंदळ, मग नाजूक, मग काटेकोर. आणि अठराव्या शतकात तो आजच्या 'छान'पर्यंत येऊन पोहोचला. काटेकोर हा मधला अर्थ अजून पुरता गेलेला नाही. बारीक फरकाला इंग्रजीत नाइस डिस्टिंक्शन म्हणतात, तो त्याचाच अवशेष.

स्पॅनिशमध्ये याच लॅटिन शब्दापासून 'नेसियो' झाला. तिथे त्याने मूळ वाट सोडली नाही. आजही त्याचा अर्थ मूर्ख असाच आहे. एका शब्दाची दोन लेकरे, एक निंदेत राहिले आणि दुसरे स्तुतीला जाऊन बसले. शब्दांच्या इतिहासात इतका मोठा पालट फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आला आहे.

नकार पोटात घेतलेली क्रियापदे

नेसिअन्स आणि नेणीव यांचे खरे नाते त्यांच्या बांधणीत आहे. लॅटिनने 'ने' आणि 'स्किरे' हे दोन शब्द जोडून एकच क्रियापद केले. मराठीने 'न' आणि 'जाणणे' यांचा मिलाफ करून 'नेणणे' केले. नेणणे म्हणजे न जाणणे. जो नेणतो तो नेणता, आणि त्या अवस्थेचे नाव नेणीव. जाणणेवरून जाणीव, तशीच नेणणेवरून नेणीव.

हा योगायोग एकट्यादुकट्या शब्दाचा असता तर सोडून देता आला असता. पण दोन्ही भाषांत अशा क्रियापदांची रांगच आहे. लॅटिनमध्ये इच्छिणे याचे उलट 'नोलो', म्हणजे नको असणे. शकणे याचे उलट 'नेक्वेओ', म्हणजे न शकणे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हीच रीत होती. 'विटन' म्हणजे जाणणे, 'निटन' म्हणजे न जाणणे. 'विलन' म्हणजे इच्छिणे, 'निलन' म्हणजे न इच्छिणे. इंग्रजीत आज ही नकारी क्रियापदे उरली नाहीत. मनात असो वा नसो या अर्थाच्या 'विली-निली' या जोडशब्दात तेवढी एक खूण राहिली आहे.

मराठीने मात्र ही रीत जपली. जुन्या मराठीत 'नेदी' म्हणजे देत नाही, 'नेघे' म्हणजे घेत नाही, 'नलगे' म्हणजे लागत नाही, 'नेणे' म्हणजे जाणत नाही. ही रूपे संतवाङ्मयात पानोपानी भेटतात. आजच्या बोलण्यातही नसणे, नव्हे, नये, नको हे शब्द त्याच वळणाचे आहेत. मराठवाड्याच्या खेड्यात कुणी 'नगं' म्हणतो किंवा 'न्हवं' म्हणतो, तेव्हा तो हीच फार जुनी रीत वापरत असतो. हा 'न' आणि लॅटिनचा 'ने' एकाच आदिम नकारातून आलेले आहेत. म्हणून नेणीव हा नेसिअन्सचा नुसता प्रतिशब्द नाही. दोन्ही शब्द एकाच जातीच्या सांध्याने जोडलेले आहेत.

जाणण्याचे तीन धातू

न जाणण्याचे शब्द नीट कळायचे तर जाणण्याचे शब्द कुठून आले तेही पाहिले पाहिजे. या भाषाकुळात त्यांचे तीन मोठे झरे आहेत.

पहिला 'ज्ञा'. संस्कृतचा ज्ञा, ग्रीकमधला 'ग्नो', लॅटिनमधला 'ग्नो' आणि इंग्रजीतले 'नो', म्हणजे जाणणे, हे सगळे एकच. इंग्रजीत या क्रियापदाच्या आरंभी 'के' लिहितात पण उच्चारत नाहीत. तो मुका 'के' या जुन्या उच्चाराची खूण आहे. अज्ञानाला इंग्रजीत 'इग्नोरन्स' म्हणतात, त्यातही हाच धातू दडला आहे. टी. एच. हक्सले या शास्त्रज्ञाने 1869 साली 'अग्नॉस्टिक' हा शब्द घडवला, तोही ग्रीक नकार 'अ' आणि 'ग्नो' यांचा. आपला 'अज्ञ' आणि हक्सलेचा अग्नॉस्टिक यांत नकारही एक आणि धातूही एक. अडीच-तीन हजार वर्षांचे अंतर पडूनही बांधणी तीच राहिली.

दुसरा 'विद्'. विद्या, वेद, विद्वान हे त्याचे. लॅटिनमध्ये याच मुळापासून पाहणे या अर्थाचे 'विदेरे' आले. त्याचे 'मी पाहतो' हे रूप म्हणजे 'व्हिडिओ'. मोबाइलवरचा व्हिडिओ आणि ऋग्वेदातला वेद हे दूरचे का होईना, पण आप्त आहेत. संस्कृतने या धातूला 'अ' लावून 'अविद्या' केली.

तिसरा धातू कापण्या-निवडण्याचा. त्यातून सायन्स आणि नेसिअन्स आले.

मराठीत या शब्दांखेरीज बाहेरून आलेल्या छटाही आहेत. मराठवाडा निजामाच्या राज्यात राहिला. इथल्या बोलीत अरबी-फारसी शब्द खोल मुरले आहेत. 'गाफील' हा त्यांतला. ज्याला ठाऊक आहे पण ज्याचे लक्ष नाही, तो गाफील. 'बेखबर' म्हणजे ज्याच्यापर्यंत बातमीच पोहोचली नाही असा. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर इथला माणूस सहज म्हणतो, 'काय की!' त्यात ना लाज असते ना टाळाटाळ. मला हे माहीत नाही, एवढीच ती मोकळी कबुली असते.

दोष कुणाचा?

नेसिअन्स आणि इग्नोरन्स यांत फरक काय, हा प्रश्न युरोपात मध्ययुगापासून विचारला गेला. त्याचे सर्वांत नेमके उत्तर थॉमस अक्विनास या धर्मपंडिताने 'सुम्मा थिओलॉजिए' या तेराव्या शतकातल्या लॅटिन ग्रंथात दिले. त्याच्या मते नेसिअन्स म्हणजे ज्ञानाचा निव्वळ अभाव. इग्नोरन्स म्हणजे जे कळण्याची आपली स्वाभाविक पात्रता आहे, त्याची उणीव. दगडाला काही कळत नाही, पण दगडाला कुणी अज्ञानी म्हणत नाही. जे शिकणे कर्तव्य होते आणि शिकता येत होते ते आळसाने टाळले, तर ते अज्ञान दोषास पात्र ठरते. पण कितीही धडपड केली तरी जे दूर करता आले नसते, अशा न जाणण्याला अक्विनास पाप मानत नाही.

हा फरक न्यायाचा आहे. माणसाला काय ठाऊक नाही याआधी, ते ठाऊक होण्याची संधी त्याला होती का, हे विचारा, असे तो सांगतो. अक्विनास 1274 साली वारला. प्रचलित मतानुसार त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1275 मध्ये, गोदावरीकाठच्या आपेगावाशी जोडल्या गेलेल्या कुलकर्णी घराण्यात ज्ञानेश्वरांचा जन्म झाला. न जाणणे म्हणजे काय, याचा मराठीतला सर्वांत खोल विचार त्यांनीच केला. तिकडे जाण्याआधी नेसिअन्स हा शब्द भारताशी कसा जोडला गेला ते पाहू.

वेदान्ताने दिलेले दुसरे आयुष्य

जॉर्ज थिबो हे जर्मन संस्कृत पंडित. बनारस आणि अलाहाबाद इथे त्यांनी अध्यापन केले. माक्स म्युलर यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या पौर्वात्य पवित्र ग्रंथांच्या मालेत त्यांनी शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्याचे दोन खंड 1890 आणि 1896 साली निघाले. त्यात 'अविद्या' या शब्दासाठी त्यांनी नेसिअन्स योजला. इग्नोरन्स या शब्दाला निंदेचा वास होता. आचार्यांची अविद्या तशी नव्हती. ती कुणा एकाच्या आळसातून आलेली नसते, जीवमात्राला चिकटलेली असते. पुढच्या भाषांतरकारांनी हाच शब्द उचलला, आणि इंग्रजीत मरणपंथाला लागलेला शब्द भारतीय ग्रंथांच्या आधाराने तगला.

तरीही दोन्ही शब्द पुरते जुळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अद्वैत वेदान्ताची अविद्या म्हणजे नुसते नसणे नाही. शिंपला चांदीसारखा दिसतो, हे उदाहरण आचार्यांनी भाष्याच्या आरंभीच दिले आहे. तिथे शिंपला न दिसणे ही एक गोष्ट आणि नसलेली चांदी दिसणे ही दुसरी. पुढच्या वेदान्त्यांनी यांना आवरण आणि विक्षेप अशी नावे दिली. पहिली शक्ती झाकते, दुसरी भलतेच दाखवते. अक्विनासच्या नेसिअन्समध्ये ही दुसरी शक्ती नाही. ती इंग्रजी शब्दाच्या अर्थात शिरली ती भारताकडून.

अंबाजोगाईचा वारसा

नांदूरघाटाहून केजमार्गे गेले की अंबाजोगाई लागते. योगेश्वरीचे हे गाव मराठीतल्या वेदान्तविचाराचे एक मोठे पीठ आहे. इथल्या डोंगरात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी म्हणून पूजले जाणारे स्थान आहे. त्यांच्या 'विवेकसिंधू' या ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे 1188, असा दिला जातो. ग्रंथ कुठे लिहिला गेला याबद्दल अभ्यासकांत वैनगंगेकाठचे अंभोरा आणि अंबाजोगाई असे दोन पक्ष आहेत. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून त्याची 18 प्रकरणे आहेत. गुरुशिष्यांच्या संवादातून संस्कृतातला वेदान्त त्यांनी मराठीत आणला.

ग्रंथाच्या नावातच विवेक आहे, आणि आत खरोखर पाखडण्याचेच काम चालते. देह म्हणजे मी नव्हे, इंद्रिये म्हणजे मी नव्हे, मन म्हणजे मी नव्हे, असे एकेक बाजूला काढत शिष्य पुढे जातो. या मांडणीत स्थूल आणि सूक्ष्म देहांपलीकडे कारणदेह येतो. वेदान्तात कारणदेह म्हणजे अज्ञानच, आणि त्याची अवस्था म्हणजे गाढ झोप. झोपेतून उठल्यावर माणूस म्हणतो, 'छान झोप लागली, काहीच कळले नाही.' काहीच कळले नाही, हे कुणाला कळले? झोपेत सगळे विझले असते तर ही आठवण राहिली नसती. म्हणून न जाणण्यालाही पाहणारा कुणीतरी आत जागा आहे, असे वेदान्त सांगतो. रोजच्या झोपेवरून केलेला हा विचार कुणालाही स्वतःवर पडताळून पाहता येतो.

याच गावात दासोपंत झाले. त्यांचा जन्म 1551 सालचा आणि देहावसान 1615 सालचे. त्यांच्या 'गीतार्णव' या गीताटीकेचा विस्तार सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. पण पाहणाऱ्याला थक्क करते ती त्यांची पासोडी. पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरण्याचे कापड. जवळजवळ चाळीस फूट लांबीच्या अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हे प्रकरण आकृत्या आणि मजकुरासह लिहून काढले. पंचमहाभूतांपासून देह कसा बनतो आणि त्यात गुंतलेला जीव स्वतःला कसा विसरतो, हा पंचीकरणाचा विषय. कागदाच्या पोथीत दडलेले तत्त्वज्ञान त्यांनी भिंतीवर पसरून दाखवता येईल असे केले. जे कळत नाही ते डोळ्यांना दाखवावे, ही शिक्षकाची तळमळ त्या कापडात दिसते.

ज्ञानदेवांचे अज्ञानखंडन

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात एक नवल आहे. गीतेने तिथे ज्ञानाची लक्षणे सांगितली आणि अज्ञान म्हणजे याच्या उलट, एवढे म्हणून एका चरणात विषय संपवला. ज्ञानदेव त्या एका चरणापाशी थांबले आणि त्यावर दीडशेहून अधिक ओव्या रचल्या. मानाची हाव, दंभ, घराबायकोत पूर्ण बुडून जाणे, म्हातारपण दारात आले तरी भान नसणे, अशी अज्ञानाची एकेक खूण त्यांनी दाखवली. तिथले अज्ञान हे वागण्यातले आहे. पुस्तक वाचता येते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

पुढे 'अमृतानुभव' लिहिताना ते याहून खोल गेले. दहा प्रकरणांच्या या ग्रंथात सातवे प्रकरण 'अज्ञानखंडन' सर्वांत मोठे, सुमारे तीनशे ओव्यांचे आहे. प्रश्न असा: अज्ञान म्हणून काही खरोखर आहे का? असेल तर राहते कुठे? ज्ञानात राहते म्हणावे, तर ज्ञानाजवळ येताच ते नाहीसे व्हायला हवे. ज्ञानाबाहेर राहते म्हणावे, तर त्याची जाण कुणाला? ज्याची कुणालाच जाण नाही ते आहे असे म्हणणार कसे? इथे ज्ञानदेव मिठाच्या मासोळीचा दृष्टान्त देतात. मिठाची मासोळी पाण्यात टाकली तर विरघळते, आणि पाण्याबाहेर मासोळी जगत नाही. अज्ञानाचे तसेच आहे. ते सिद्ध करायला जावे तर प्रमाण लागते, आणि प्रमाण म्हणजे ज्ञानच.

त्याआधीच्या 'शब्दखंडन' या प्रकरणात त्यांनी अविद्या या शब्दालाच साक्षीला उभे केले आहे. जी विद्यमान नाही ती अविद्या. स्वतःचे नसणे ती स्वतःच्या नावातच सांगते, मग तिचा नाश करायला निघायचे कशाला? आणि आठव्या प्रकरणात त्यांनी ज्ञानाचेही खंडन केले. अज्ञानच नाही तर त्याच्या तुलनेत उभे राहिलेले ज्ञान तरी कुठे टिकणार? उरते ते एकच स्फुरण, जाणीव-नेणीव या दोहोंच्या अलीकडचे. हरिपाठात जे चार शब्दांत येते, त्याचा सगळा तर्क इथे आहे. न जाणण्याला शत्रू मानून झुंजत राहण्यापेक्षा ते मुळात आहे का हे तपासणारा हा विचार आजही ताजा वाटतो.

फुल्यांची अविद्या

एकोणिसाव्या शतकात महात्मा फुल्यांनी 'अविद्या' याच शब्दाला जमिनीवर आणले. 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या आरंभीच शेतकऱ्याच्या साऱ्या हानीचे मूळ त्यांनी अविद्येत दाखवले. ही अविद्या जीवाला अनादि काळापासून चिकटलेली नाही. ती माणसांनी माणसांवर लादलेली आहे. शाळेचे दार बंद ठेवायचे आणि बाहेर उभ्या असलेल्याला अडाणी म्हणायचे, हा अन्याय त्यांनी उघडा केला.

बीडला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तिथे शिक्षणाची मुख्य भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वर्गात परक्या भाषेतून शिकावे लागे. त्याला धडा कळला नाही, तर ती त्याची बुद्धी कमी असल्याची खूण नव्हती. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांनी 1930 च्या दशकात योगेश्वरी शाळेत शिक्षक म्हणून केलेले काम या पार्श्वभूमीवर मोठे ठरते. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनीच केले.

आज भाषा बदलली, पण प्रश्न सुटलेला नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोद्याकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाची शाळा ऐन मधल्या महिन्यांत सुटते. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात, पण प्रत्येक मूल मागे राहतेच असे नाही. ऊसतोडीला गेलेले मूल परत आल्यावर अपूर्णांक विसरलेले असते, किंवा ते त्याला शिकवलेच गेलेले नसतात. त्याला ढ म्हणणे सोपे आहे. अक्विनासच्या कसोटीवर लावून पाहा: त्याची पात्रता होती, संधी नव्हती. मग दोष त्याच्या माथी कसा मारायचा?

शब्द वापरावा कसा

आजच्या मराठीत नेणीव हा शब्द नव्या कामालाही लागला आहे. मानसशास्त्र आणि साहित्यसमीक्षा यांत मनाच्या ज्या थराची आपल्याला जाण नसते, त्याला नेणीव म्हणतात. मानसशास्त्रज्ञ युंगच्या संकल्पनेसाठी 'सामूहिक नेणीव' हा शब्दप्रयोग रूढ आहे. हरिपाठातला शब्द फ्रॉइड-युंग यांच्या विचारालाही पुरला, हे त्याच्या ताकदीचे लक्षण आहे.

पण त्याचे मूळ काम अजून तसेच पडले आहे, आणि ते आपल्या बोलण्यात परत यावे असे मनापासून वाटते. न जाणण्याचे प्रकार अनेक आहेत. ज्याच्यापर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही त्याची ती नेणीव. ज्याला शिकता आले असते पण ज्याने शिकणे टाळले त्याचे ते अज्ञान. ज्याला शिकू दिले नाही त्याच्यावर लादलेली ती अविद्या. ठाऊक असून जो सावध राहिला नाही तो गाफील. आणि सगळे वाचूनही जो उलटाच वागतो त्याला समर्थ रामदासांनी दासबोधात 'पढतमूर्ख' असे नाव देऊनच ठेवले आहे. त्याच्यासाठी एक स्वतंत्र समास त्यांनी खर्ची घातला.

या सगळ्यांना आपण एकाच 'अडाणी' शब्दात कोंबतो. बँकेचा अर्ज भरता न येणारी शेतकरीण अडाणी, मोबाइलवर पैसे पाठवता न येणारा म्हातारा अडाणी, वर्गात गप्प बसणारे मूल अडाणी. त्याच शेतकरणीला कोणत्या नक्षत्राच्या पावसात कोणते बी टाकायचे हे ठाऊक असते, आणि अर्ज घेऊन बसलेल्या कारकुनाला ते ठाऊक नसते. दोघेही एकेका बाजूने नेणते आहेत. नेणता म्हटल्याने कुणाचा पाणउतारा होत नाही. अजून कळले नाही, सांगितले तर कळेल, एवढेच त्यातून निघते.

म्हणून शिक्षकाने, कारकुनाने, डॉक्टरने, समोरच्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही असे दिसताच आधी एकच तपासावे: ही गोष्ट याला कुणी, कधी, याच्या भाषेत सांगितली होती का? उत्तर नाही असे आले, तर रागावण्याचा हक्क आपल्याला उरत नाही आणि सांगण्याची जबाबदारी आपल्याकडे येते. मुकुंदराजांनी वेदान्त मराठीत आणला, दासोपंतांनी तो कापडावर पसरला, ज्ञानदेवांनी अज्ञानाची भीतीच काढून टाकली, फुल्यांनी शाळेचे दार उघडले. या चौघांनी ही जबाबदारी आपापल्या काळात उचलली. आपल्या वाट्याला आली आहे तेवढी आपण उचलावी.